दम्याचा पेशंट कॅज्युअल्टीत आलाय: ॲडमिट करायचा की घरी पाठवायचा, हे दोन तासांत कसं ठरवायचं

दर हिवाळ्यात तेच होतं म्हणून हे लिहितोय. दिवाळीच्या फटाक्यांपासून जानेवारीतल्या निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीपर्यंत नाशिकच्या कॅज्युअल्टींमध्ये दम लागलेले पेशंट रात्री येत राहतात, ड्युटीवरचा आरएमओ (निवासी डॉक्टर) तीन वेळा वाफ, म्हणजे नेब्युलायझरने औषध देतो, छातीतली शिट्टी कमी झाली की "जा आता घरी काका" म्हणतो, आणि त्यातले काही सकाळची ओपीडी उघडायच्या आत परत येतात, आधीपेक्षा वाईट अवस्थेत. उलटंही तितकंच होतं. ज्याला दोन तासांत घरी जाता आलं असतं त्याला उगाच भीतीपोटी तीन दिवस ठेवतात आणि सातपूर-अंबडला रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाचे तीन दिवसांचे पैसे बुडतात, वर हॉस्पिटलचं बिल.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. आपण पेशंटला दारात बघून ठरवतो. दम्यात काही अगदी गंभीर पेशंट सोडले तर दारात दिसणारी अवस्था ॲडमिशनबद्दल फार कमी सांगते, पहिल्या तासाच्या औषधाने किती फरक पडला ते जास्त सांगतं. आणि फरक कळायला औषधाच्या आधीचा पीक फ्लोचा आकडा, म्हणजे जोरात फुंकलेल्या हवेचा वेग, हातात पाहिजे, जो निम्म्या केसपेपरवर नसतोच.

हे छोट्या हॉस्पिटलमधले आरएमओ, इंटर्न आणि कॅज्युअल्टीच्या सिस्टर-ब्रदर यांच्यासाठी आहे, आणि फक्त मोठ्या माणसांच्या दम्यासाठी, लहान मुलांचं गणित वेगळं असतं. घरी बसून कुणी पेशंट किंवा नातेवाईक वाचत असेल आणि पंपाने आराम पडत नसेल तर वाचत बसू नका, १०८ लावा.

१. तयारी: ड्युटीवर आल्या आल्या

पेशंट आल्यावर पीक फ्लो मीटर शोधायला गेलात तर तो मिळत नाही, कारण तो चेस्टवाल्या सरांच्या ओपीडीतल्या कपाटात असतो आणि कपाटाला कुलूप असतं. म्हणून ड्युटी घेतानाच एवढं बघून घ्या:

- पीक फ्लो मीटर आणि वापरून टाकायचे माऊथपीस कॅज्युअल्टीतच आहेत का. काटा मोकळा सरकतो का.
- वय, उंची आणि स्त्री-पुरुषाप्रमाणे अपेक्षित आकड्यांचा तक्ता भिंतीवर आहे का. राईट आणि ईयू अशा दोन वेगळ्या स्केलचे मीटर असतात, तक्ता आपल्याच मीटरच्या स्केलचा हवा, नाहीतर टक्केवारी चुकते.
- स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आहे का. वाफ ऑक्सिजनवर द्यायची सोय आहे का, मिनिटाला ६ ते ८ लिटर फ्लो मिळतो का.
- प्रेडनिसोलोनच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये आहेत का. रात्री तीनला खालच्या मेडिकलमधून आणायला नातेवाईक पळवला की अर्धा तास गेला.

केसपेपरवर एक छोटा चौकोन आखून ठेवा, चार ओळी: आल्याबरोबर, १ तास, २ तास, सोडताना. प्रत्येक ओळीत वेळ, पीक फ्लो, श्वासाचा वेग, नाडी, ऑक्सिजन, बोलणं. आमच्याकडे सिस्टरनी रबरी शिक्काच करून घेतलाय आणि खरं सांगतो, कुठल्याही लेक्चरपेक्षा त्या शिक्क्याने जास्त फरक पडला, कारण रिकामी ओळ डोळ्यात खुपते.

२. पहिली पाच मिनिटं: इथे अंदाज बांधायचा नाही

काही पेशंट अंदाज-बिंदाजच्या पलीकडचे असतात. खालचं एक जरी दिसलं तरी उपचार सुरू करा आणि आयसीयूला, फिजिशियनला फोन लावा, तासाभराची वाट बघू नका:

- ओठ निळे, पेशंट गुंगीत किंवा बडबडतोय, थकून मान टाकतोय
- साध्या हवेवर (मास्क न लावता) रक्तातला ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली
- छाती शांत, स्टेथोला हवा जाण्याचा आवाजच नाही
- बीपी पडलेलं, नाडी अनियमित
- पीक फ्लो अपेक्षितच्या ३३ टक्क्यांहून कमी

एका दमात वाक्य पूर्ण न होणं, श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त, नाडी ११० किंवा जास्त, पीक फ्लो ३३ ते ५० टक्के, हा गंभीर ॲटॅक. हा पेशंट तासाभराने सुधारून घरी जाऊ शकतो, पण त्या तासात त्याला एकटं सोडायचं नाही.

सावधान: शिट्टी नाही म्हणजे दम कमी झाला असं समजू नका. शिट्टी वाजायला हवा वाहावी लागते. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका चाळिशीच्या माणसाला पहाटे चारला सोडलं होतं, तीन वाफांनंतर छाती "क्लिअर" वाटली म्हणून. पीक फ्लो केला नव्हता. साडेसातला तो गुंगीत परत आला आणि व्हेंटिलेटरवर गेला. वाचला तो, पण ती क्लिअर छाती म्हणजे हवाच कमी जात होती हे मला तेव्हा कळायला हवं होतं. त्या दिवसापासून आकडा घेतल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही.

तसंच, दम लागलाय म्हणजे दमाच असं नाही. पन्नाशीच्या पुढचे, वर्षानुवर्षं बिडी ओढलेले काका किंवा चुलीपुढे आयुष्य गेलेल्या मावशी यांना सीओपीडी (धुराने फुप्फुसं कायमची बिघडण्याचा आजार) असू शकतो, तिथे ऑक्सिजनचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के असतं आणि खालचे आकडे लागू पडत नाहीत. पाय सुजलेत, आडवं झाल्यावर दम वाढतो, तर हार्टचा विचार करा. अचानक एका बाजूला छातीत दुखून दम लागला तर न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर हवा साठणं). अंगावर गांधी उठल्यात, ओठ सुजलेत तर ॲनाफिलॅक्सिस (जीवघेणी ॲलर्जी), आणि तिथे वाफेच्याही आधी ॲड्रिनालिन.

३. औषधाच्या आधीचा आकडा

पेशंटला बसवा किंवा जमत असेल तर उभं करा. काटा शून्यावर. बोटं स्केलवर नकोत. पूर्ण श्वास आत, ओठ घट्ट, मग एकच जोरात, झटकन फुंकर. लोक मेणबत्ती विझवल्यासारखं हळू फुंकतात किंवा फुगा फुगवल्यासारखं लांबवतात, दोन्ही चूक, एकदा स्वतः करून दाखवा. तीनदा करून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, सरासरी नाही.

टक्केवारी शक्यतो पेशंटच्या स्वतःच्या सगळ्यात चांगल्या आकड्यावर काढा. जुन्या फाईलमध्ये असतो बऱ्याचदा. नसेल तर तक्त्यावरून.

पेशंटला फुंकताच येत नसेल तर हट्ट धरू नका, "फुंकता आलं नाही" असं वेळ टाकून लिहा आणि वाफ सुरू करा. तीही माहितीच आहे.

ऑक्सिजन लावायच्या आधी साध्या हवेवरचं सॅच्युरेशन लिहून घ्या, जमलं तरच, पेशंट निळा पडला असेल तर आधी ऑक्सिजन. थंडीत मोटरसायकलवर मागे बसून आलेल्या माणसाची बोटं गारठलेली असतात आणि मशीन कमी दाखवतं, बोट चोळून गरम करा. नेलपॉलिश असेल तर बोट बदला.

तपासा: पहिली वाफ लावताना चौकोनातली पहिली ओळ भरली आहे का?

४. पहिला तास: सगळ्यांना सारखा आणि पूर्ण

हा भाग लोक घाईत गुंडाळतात. पण पहिल्या तासाचा उपचारच अर्धवट झाला तर तासाभराचा आकडा कमी येणार आणि ज्याला गरज नाही तो ॲडमिट होणार. अंदाज चुकला असं वाटतं, खरं तर औषध कमी पडलेलं असतं.

- साल्ब्युटामॉल (निळ्या पंपातलं, श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) दर २० मिनिटांनी, तासात तीनदा. वाफेने २.५ ते ५ मिग्रॅ किंवा पंप आणि स्पेसरने ४ ते १० पफ. गंभीर नसलेल्या पेशंटला स्पेसर वाफेइतकाच चालतो, नातेवाईकांना मशीन लावल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही ही वेगळी गोष्ट.
- मध्यम-गंभीर ॲटॅकमध्ये सोबत इप्राट्रोपियम (श्वासनळ्या मोकळ्या करणारं दुसरं औषध) ५०० मायक्रोग्रॅम. दोन्ही मिळून दिल्यावर ॲडमिशन कमी होतात.
- स्टेरॉइड तासाच्या आत, खरं तर पहिल्या वाफेबरोबरच. गिळता येत असेल तर प्रेडनिसोलोन ४० ते ५० मिग्रॅ तोंडाने, शिरेतून दिल्याइतकंच काम करतं. परिणाम दिसायला किमान ४ तास लागतात, म्हणून तर लवकर द्यायचं, तीन वाफा देऊन बघू आणि मग ठरवू असं केलंत तर ते चार तास पुढे ढकलले.
- ऑक्सिजन ९३ ते ९५ टक्के राहील एवढाच. सरसकट १०० करायची गरज नाही.

डेरिफायलिनचं (थिओफायलिन गटातलं) इंजेक्शन आपल्याकडे अजून सवयीने दिलं जातं, पेशंटही "ते शिरेतलं द्या ना डॉक्टर" म्हणून मागतो. शिरेतून थिओफायलिन गटाची औषधं अशा ॲटॅकमध्ये देऊ नयेत असं गाईडलाईन स्पष्ट सांगतात, फायदा किरकोळ आणि उलटी, धडधड, नाडी बिघडणं हे मागे लागतं. शिवाय नाडी वाढली की तुमचा तासाभराचा अंदाजही गढूळ होतो. अँटिबायोटिक आणि एक्स-रेही प्रत्येकाला लागत नाहीत. ताप, पिवळा कफ, न्यूमोनियाची किंवा न्यूमोथोरॅक्सची शंका असेल तरच.

५. वाफ चालू असताना विचारायचे प्रश्न

वाफेची ती दहा मिनिटं मोबाईलमध्ये घालवू नका. पेशंटला बोलायला त्रास होत असेल तर सोबतच्यांना विचारा.

"गेल्या २४ तासांत पंप किती वेळा घेतला?" इथे फसायला होतं. पेशंट म्हणतो दोनदा, आणि प्रत्येक वेळी सहा-सहा पफ घेतलेले असतात. पफ मोजून घ्या. ८ च्या वर गेले की ॲडमिशनची शक्यता वाढते.

"या वर्षात निळा पंप किती आणले?" २०० डोसचे वर्षाला ३ किंवा जास्त लागत असतील तर दमा ताब्यात नाही. महिन्याला एक लागत असेल तर जिवाला धोका वाढलेला आहे, हे तसंच लिहा.

"याआधी दम्यासाठी ॲडमिट झालात का, आयसीयूत, व्हेंटिलेटरसाठी घशात नळी टाकली होती का?" नळी पडलेल्या माणसाला मी वेगळ्या तराजूत तोलतो. आकडा चांगला आला तरी.

"स्टेरॉइड आधीच चालू आहे का?" हा प्रश्न नेहमी राहतो. गावातल्या डॉक्टरांनी दोन दिवस गोळी दिली असेल, किंवा कुठून तरी दम्याची पुडी चालू असेल ज्यात काय आहे कुणालाच माहीत नाही. पुरेसं स्टेरॉइड घेऊनही ॲटॅक वाढतोय म्हणजे आपल्या हातातलं मोठं शस्त्र आधीच वापरून झालंय.

गरोदर आहे का, घरी एकटं राहतं का, मन खचलेलं आहे का, औषधं स्वतःहून बंद केली का, हेही विचारा.

आणि कशाने सुरू झालं ते. आपल्या भागात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधकाची धुरळणी करून आलेले पेशंट येतात. तो माणूस सकाळी परत त्याच बागेत जाणार असेल तर तुमचा ६५ टक्क्यांचा आकडा दुपारपर्यंत टिकेलच असं नाही.

६. एक तासाचा निकाल

पहिली वाफ सुरू झाल्यापासून ६० मिनिटांनी परत तीच मोजणी, त्याच मीटरवर, तशीच बसून किंवा उभं राहून.

जीना या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमधली ढोबळ चौकट अशी: औषधाआधी २५ टक्क्यांच्या खाली होता किंवा औषधानंतर ४० च्या खाली आहे, ॲडमिट. औषधानंतर ४० ते ६०, जोखमीचे मुद्दे आणि फॉलोअपची सोय बघून ठरवा. ६० च्या वर, जोखीम तपासून घरी पाठवता येतं.

समजा दोन पेशंट एकाच वेळी आलेत, दोघांचाही चांगला आकडा ४००. पहिल्या ताईंना वाक्य बोलता येत नाही, आकडा १४०, म्हणजे ३५ टक्के. दुसरे दादा चालत आले, आकडा २००, म्हणजे ५० टक्के. दारात कुणीही म्हणेल ताईंना ॲडमिट करा. तासाभराने ताई २६०, म्हणजे ६५ टक्के. दादा २१०, जेमतेम ५२. आता बेड दादांसाठी बघायचा, आणि ताई अजून तासभर थांबून, आकडा टिकला तर घरी. हे उदाहरण मी प्रत्येक नव्या इंटर्नला देतो आणि प्रत्येक वेळी पहिलं उत्तर चुकतं.

तासाभराच्या वेळी फसवणाऱ्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, नाडी. साल्ब्युटामॉलने नाडी वाढते, हात थरथरतात, म्हणून नुसती नाडी ११५ आहे यावरून ॲडमिट करू नका. दोन, ऑक्सिजनवर ९७ टक्के दिसतंय याला काही अर्थ नाही, पेशंट बरा दिसत असेल तर मास्क काढून साध्या हवेवर बघा, वाफेनंतर लगेच थोडं खाली जाऊ शकतं तेव्हा जरा थांबून. तीन, आकडा सुधारलाय पण श्वासाचा वेग वाढतोय, तर जास्त साल्ब्युटामॉलने रक्तात लॅक्टेट (आम्ल) वाढून श्वास जलद झालेला असू शकतो. अशा वेळी वाफेवर वाफ देत सुटण्याआधी सीनियरना बोलवा आणि पोटॅशियम, ब्लड गॅस (रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडची तपासणी) पाठवा.

ब्लड गॅसबद्दल एकच. ॲटॅकमध्ये माणूस जोरजोरात श्वास घेतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड कमी असायला हवा. दमलेल्या पेशंटचा तो "नॉर्मल" आला तर रिपोर्टवर लाल खूण नसते म्हणून कुणी बघत नाही, आणि तोच धोक्याचा रिपोर्ट असतो.

७. दुसरा तास: अधांतरी राहिलेले

सगळा कस इथे लागतो. ४० ते ६० मधला पेशंट ना धड आजारी दिसतो ना बरा.

पहिल्या तासाच्या पूर्ण उपचाराने फरक न पडता ऑक्सिजन कमीच राहिलेल्यांना, किंवा आले तेव्हाच २५-३० टक्क्यांच्या खाली होते त्यांना, मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम शिरेतून २० मिनिटांत द्यायचा विचार करा. काहींचं ॲडमिशन त्याने टळतं. बीपीवर लक्ष ठेवा, किडनीचा त्रास असेल तर आधी विचारून घ्या. वाफ आणि इप्राट्रोपियम चालू ठेवा, दोन तासांना परत मोजा.

मग पाचव्या टप्प्यातली उत्तरं समोर ठेवा. नळी किंवा आयसीयूचा इतिहास, गरोदरपण, स्टेरॉइड चालू असताना वाढलेला ॲटॅक, यातलं एकही असेल तर माझ्या हिशोबाने ४० ते ६० चा पेशंट ॲडमिट. वय जास्त, ८ च्या वर पफ, श्वास अजूनही २२ च्या वर, साध्या हवेवर ९५ च्या खाली, यातली दोन एकत्र आली तरी मी ठेवतो. हा माझा स्वतःचा नियम आहे, गाईडलाईनमध्ये असा गुणांचा हिशोब नाही.

अंतराचंही तसंच. गंगापूर रोडला राहणारा माणूस दम वाढला तर पंधरा मिनिटांत परत येईल. सुरगाणा, पेठच्या पाड्यावरून आलेल्याला रात्री दोन वाजता ५५ टक्क्यांवर सोडणं म्हणजे त्याला देवाच्या भरवशावर सोडणं. सकाळपर्यंत ठेवा, बेड नसेल तर कॅज्युअल्टीतल्या खाटेवर ठेवा.

नुसत्या स्कोअरवर भिस्त ठेवू नका. १९८१ मध्ये अमेरिकेत मायामीच्या डॉक्टरांनी सात मुद्द्यांचा एक इंडेक्स छापला होता, त्यांच्या पेशंटवर तो फार अचूक निघाला, आणि १९८४ मध्ये दुसऱ्या हॉस्पिटलांनी आपल्या पेशंटवर वापरला तर ती अचूकता राहिलीच नाही. दुसरीकडे बनवलेला स्कोअर आपल्या पेशंटवर तपासल्याशिवाय खरा मानायचा नाही.

८. सोडण्याआधी

शेवटच्या वाफेनंतर ६० मिनिटं थांबायचंच. वाफेचा असर चढलेला असताना मोजलेला आकडा उसना असतो. तासाने परत मोजा, टिकला असेल तर चौथी ओळ भरा. पेशंटला वॉर्डच्या टोकापर्यंत चालवून आणा आणि चालून आल्यावर बोलायला लावा.

मग औषधं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनचं (स्टेरॉइडचं) इंजेक्शन देऊन घरी स्टेरॉइडची गोळी न देणं. प्रेडनिसोलोन एकूण ५ ते ७ दिवस लिहा, बहुतेकांना हळूहळू कमी करत बसायची गरज नसते. नुसता निळा पंप देऊन पाठवू नका, इनहेल्ड स्टेरॉइड असलेला पंप त्याच दिवशी सुरू झाला पाहिजे. पंप कसा ओढतात ते समोर करायला लावा, तोंडात नुसता फवारा मारून गिळणारे खूप असतात. फॉलोअप २ ते ७ दिवसांत, तारीख आणि ओपीडीचं नाव लिहून, "गरज पडल्यास या" असं नाही.

पेशंट थांबायला तयार नसेल आणि डामा (सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेत असेल तरीसुद्धा हे सगळं द्या. सही घेतली म्हणून प्रेडनिसोलोनची चिठ्ठी अडवायची नसते.

९. आपला अंदाज बरोबर होता का, हे बघायची वही

हे कुणी करत नाही आणि याच्याशिवाय बाकीचं सुधारत नाही. एक वही, प्रत्येक दम्याच्या पेशंटला एक ओळ: आलेला आकडा, तासाचा आकडा, निर्णय, आणि सोडला असेल तर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी फोन.

लिहिताना दोन रकाने वेगळे ठेवा, "ॲडमिट झाला" आणि "ॲडमिट व्हायला हवा होता". हे एक नाही. बेड नव्हता म्हणून कुणी गेला, पैसे नव्हते म्हणून कुणी गेला, नातेवाईक घाबरले म्हणून कुणी राहिला. नुसती ॲडमिशन मोजत बसलात तर पेशंटचा दमा बाजूला राहतो आणि हॉस्पिटलची सोय मोजली जाते, आणि त्यावर उद्या कुणी आपल्या नाशिकचा स्कोअर बनवायला बसला तर तो स्कोअरही तेच शिकेल. ॲडमिट झालेल्यांपुढे लिहा की पहिल्या २४ तासांत ऑक्सिजन, वारंवार वाफ किंवा आयसीयू लागलं का. काहीच लागलं नसेल तर तो बहुधा घरी जाऊ शकला असता.

तिसऱ्या दिवशीच्या फोनला "बरे आहात ना?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, काल रात्री दमाने किती वेळा जाग आली, काल पंपाचे किती पफ लागले, गोळी आज घेतली का. रात्री जाग येत असेल किंवा पफ परत वाढत असतील तर फॉलोअपच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी बोलवून घ्या, आणि आल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून, वाफेच्या आधी आकडा.